चेस्टनट स्ट्रीटवरचं ग्रीक देऊळ

फिलाडेल्फियात इंडिपेंडन्स हॉल बघून झाला की लोक लिबर्टी बेलकडे वळतात. मी चेस्टनट स्ट्रीटनं पूर्वेकडे निघालो. जरा पुढे संगमरवरी पायऱ्या, आठ जाडजूड खांब, वर त्रिकोणी माथा. अथेन्सचं पार्थेनॉनच जणू. एका खांबाच्या खाचेतून हात फिरवला. दगड खरखरीत लागला, कडा झिजलेल्या. बाजूला गेलो तर खांब नाहीतच, साध्या खिडक्या. कारकुनांना उजेड हवा होता, कारण हे देऊळ म्हणजे बँक होती.

विल्यम स्ट्रिकलंड यांनी १८२४ मध्ये पूर्ण केलेली ही सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स. भांडवल साडेतीन कोटी डॉलर, त्यात सरकारचा वाटा अवघा एक पंचमांश. सरकारी तिजोरी मात्र इथेच. ही सगळी सत्ता बँकेचे अध्यक्ष निकोलस बिडल यांच्या हाती होती आणि त्यांना जनतेनं निवडून दिलेलं नव्हतं.

अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना नेमकं हेच सलत होतं. तरुणपणी जमीन विकून घेतलेल्या वचनचिठ्ठ्या बुडाल्या आणि ते कर्जात रुतले होते. कागदी पैशाची धास्ती त्यांनी तिथूनच घेतली. बँकेची सनद १८३६ पर्यंत होती, तरी बिडल यांनी १८३२ च्या निवडणुकीआधीच मुदतवाढ मागितली. काँग्रेसनं दिली, जॅक्सन यांनी १० जुलैला नकाराधिकार वापरला आणि निवडणूकही जिंकली. पुढच्या वर्षी सरकारी ठेवी हलवायला अर्थमंत्री डुएन तयार होईनात, तेव्हा त्यांना काढून टेनी यांना आणलं.

बिडल यांनी मग कर्जं आवळली. व्यापारी बुडाले, मजूर घरी बसले. जॅक्सन म्हणत होते तेच त्यांनी खरं करून दाखवलं: एक माणूस देशाचा गळा दाबू शकतो. माझ्या मते जॅक्सन यांचा प्रश्न रास्त होता, उपाय चुकला. पैसा त्यांनी मर्जीतल्या प्रांतिक बँकांकडे वळवला, लगाम मात्र कुणाच्याच हाती ठेवला नाही. १८३७ चं आर्थिक संकट आलं तेव्हा सावरायला मध्यवर्ती बँक नव्हती. ती थेट १९१३ मध्ये झाली.

प्रांतिक सनदेवर तग धरलेली बिडल यांची बँक १८४१ मध्ये बुडाली. पुढे इथे जकात कचेरी आली. आता भिंतींवर जुनी व्यक्तिचित्रं आहेत.

तुम्ही गेलात तर थर्ड स्ट्रीटपर्यंत चालाच. तिथे देशाचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांची पहिली राष्ट्रीय बँक आहे. तिची सनद तर काँग्रेसनंच १८११ मध्ये वाढवली नव्हती.