चिंचोक्याची हजेरी

आजवर मी तीन माणसांची डोकी फोडली आहेत; अर्थात कादंबरीत! दोघांची स्मृती गेली आणि शेवटच्या प्रकरणात, ऐन मुहूर्तावर, परत आली. तिसरा बिचारा नायिकेचा हात हातात घेऊन गेला. त्या तिघांपायी माझी एका रात्रीचीही झोप मोडली नाही. ती मोडली चिंचोक्यापायी.

चिंचोका म्हणजे माझ्या भाचीचा चिंचिला. अंगाने सशाचे पिल्लू, शेपटीने खार. वजन अर्धा किलो. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. त्याची लोकर इतकी दाट, की एकेका मुळातून पन्नासाहून अधिक केस निघतात. या लोकरीपायीच माणसाने त्याची जात जवळजवळ संपवली. १९२३ साली एका अमेरिकन खाण-इंजिनिअराने मूठभर चिंचिले चिलीहून कॅलिफोर्नियाला नेले. आज पाळलेले दिसतात ते बहुतेक त्यांचेच वंशज. उकाडा मात्र त्यांना मुळीच सोसत नाही. म्हणून गेल्या डिसेंबरात भाची तीन महिन्यांसाठी जर्मनीला निघाली, तेव्हा पुण्याचा पिंजरा आमच्या पाचगणीला आला.

"मामा, तुमच्याकडे थंडी आहे, आणि तुम्ही घरीच बसून लिहिता," ती म्हणाली. मी शाळेत शिकवतो हे आमच्या नातलगांच्या कधी लक्षात राहत नाही.

एका शुक्रवारी रात्री मी प्रकरण संपवण्याच्या नादात होतो. गवत घालताना पिंजऱ्याची कडी लावायची राहिली होती. चिंचिला रात्रीच जागा असतो. कपाटावरून काहीतरी धप्पकन पडले. जाऊन पाहतो तो चिंचोका फरशीवर! उठला, पण मान डावीकडे कलली होती. घाण्याच्या बैलासारखा तो जागच्या जागी फिरू लागला. बुबुळे भराभर आडवी हलत होती. हिने धावत हळद आणली. पण लावायची कुठे? रक्ताचा थेंबही नव्हता.

पहाटेच पुणे गाठले. डॉक्टर म्हणाले, "हाड शाबूत आहे. आत सूज असावी. औषध देतो. घरातली माणसांची गोळी चुकूनही देऊ नका. पिंजऱ्यातल्या फळ्या काढा, अंधार आणि शांतता ठेवा. आणि मास्तर, डोक्याइतकेच पोटाकडे लक्ष द्या. याचे आतडे सतत चालू राहावे लागते. खाणे थांबले तर डोक्याआधी पोटच त्याचा जीव घेईल."

मग गवताची पूड पाण्यात कालवून सिरिंजने तोंडाच्या कडेने, थेंब थेंब, दर तीन तासांनी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन. आणि लेंड्या मोजायच्या! एरवी त्या दिवसाला शेकड्यांनी पडतात. शाळेची एक जुनी कोरी हजेरीवही होती, तिच्यात मी आकडे मांडू लागलो. इतक्या काळजीने मी एकाही वर्गाची हजेरी घेतलेली नाही.

रविवारी भाचीचा फोन आला. "चिंचोका कसा आहे?"

"मजेत," मी म्हणालो. ही नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

पाचशे वीस ग्रॅमचा तो चारशे सत्तरवर आला. सहाव्या रात्री काळोखात गवत कुरतडल्याचा आवाज आला. मी दिवा लावला नाही. हिला तेवढे उठवले. दोघेही पिंजऱ्याशी कान लावून बसलो.

त्याला अंघोळ पाण्याची नाही, बारीक धुळीची लागते. डोळ्यांत जाईल म्हणून ती बंद होती. डोळे स्थिर झाल्यावर डॉक्टरांना विचारून परातीत धूळ ठेवली. लोळण घेताना तो डावीकडे कलंडला, उठला, पुन्हा लोळला. सगळी खोली धुळीने भरली, आणि हिने त्या दिवशी एका शब्दाने कुरकुर केली नाही.

मान मात्र जराशी कललेलीच राहिली.

मार्चमध्ये भाची आली. "मामा, हा असा काय बघतो?"

कितीतरी वाक्ये मी जुळवून ठेवली होती. त्यातले एकही आठवले नाही. "कडी माझ्याकडून उघडी राहिली होती," मी म्हणालो आणि वही तिच्यापुढे ठेवली.

ती बराच वेळ पाने उलटत होती. चिंचोका तिच्या बाहीत शिरू पाहत होता.

"मी फोन केला त्या रविवारी किती?" तिने विचारले.

"नऊ."

ती काही बोलली नाही. जाताना तिने वही मागून घेतली.