बेरीज बरोबर होती, तरी



कामरेजला राहायला आल्यावर घरातला एक पगार बंद झाला आणि बारा वर्षांनी मी पुन्हा नोकरी शोधायला निघाले. सुरतच्या कापड बाजारातल्या एका ऑफिसात मुलाखतीआधी कॉम्प्युटरची परीक्षा होती. वीस बिले एक्सेलमध्ये भरून एकूण रक्कम काढायची. मी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली आणि उत्तर खालच्या चौकटीत टाइप केले. उत्तर अचूक होते. परीक्षा घेणाऱ्या बेननी एका बिलाचा आकडा बदलला. माझी बेरीज तशीच राहिली. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला कळले.

घरी येऊन रडले, प्रार्थना केली. शेजारच्या मुलाने जुन्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिस हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर घालून दिले. आता रोज रात्री भांडी आवरली की अर्धा तास बसते. वाणसामानाचा हिशेब मांडते. शेवटी बरोबरचे चिन्ह, मग ‘सम’, आणि कंसात पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंतचा पत्ता. मग मुद्दाम एक आकडा बदलते. बेरीज आपोआप बदलली की जिवात जीव येतो.

तिथेच मला माझी उपासनाही दिसली. शब्द नेमके, गीतांचा सूर नेमका. पण शेजारणीच्या घरी दुःख आले तरी माझ्या प्रार्थनेत काहीच बदलत नव्हते.

पुढची परीक्षा सोमवारी आहे. निकाल प्रभूच्या हाती. तुमच्यापैकी कोणी अशी तयारी करत असेल, तर उत्तर आले म्हणून थांबू नका. एक आकडा बदलून पाहा. आणि माझ्यासाठी प्रार्थना करा.