स्टॉक बुकाच्या मागची पानं

१० जून २०२४, आष्टी (जि. जालना)

मृगाचा पाऊस दोनदा येऊन गेला आणि दुकानासमोर सकाळी सहालाच मोटारसायकली लागल्या. सोयाबीनच्या बॅगा, तणनाशक, आणि सगळ्यांना युरिया. खत देताना अंगठा लावून घ्यावा लागतो. निम्म्यांचे अंगठे मशीन ओळखत नाही. खुरप्यानं रेषा झिजल्यात, त्याला मशीन तरी काय करणार. एकेकाला चार-चार बोटं बदलून बघावी लागतात.

४५ किलोची गोणी, २६६ रुपये ५० पैसे. कापसाच्या बॅगेपासून मजुरीपर्यंत सगळं वर गेलं, हा आकडा जागचा हलला नाही. उरलेला खर्च सरकार भरतं. स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर टाकताना हात आखडत नाही.

कंपनीचा माणूस येऊन गेला. युरियाचा ट्रक हवा तर सोबत विद्राव्य खतांच्या पेट्या घ्याव्या लागतील म्हणाला. याला आमच्या धंद्यात लिंकिंग म्हणतात. तो मला बांधतो, मी गिऱ्हाइकाला बांधतो. जाताना नवं कॅलेंडर देऊन गेला. वर लिहिलंय, 'जगाचं पोट भरणारा शेतकरी'. गल्ल्याच्या मागे लावलं. खिळा रिकामाच होता.

१४ जून

आपलं दोन एकर पेरलं. या वर्षी एक ठरवलंय. रायझोबियमची पाकिटं दरसाल दुकानात येतात आणि मुदत संपून जातात. सोयाबीनच्या मुळांवर गाठी येतात, त्यातले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देतात. म्हणजे या पिकाला वरून युरिया जवळजवळ लागतच नाही. मला हे चांगलं ठाऊक आहे. कुणी विचारलं तर सांगतोही. पण कुणी विचारत नाही, आणि मीही काउंटरवरून उठून सांगत नाही. युरियाच्या मागे लागून बाकीचं खपतं. पाकिटाच्या मागे काही लागत नाही.

म्हणून यंदा वरच्या एकराला जिवाणू लावून पेरलं, युरिया बंद. खालच्या एकराला नेहमीसारखं. बीजप्रक्रिया सावलीत करायची असते, तर मंडळींनी ओसरी दिली आणि वर विचारलं, "स्वतःच्याच दुकानातलं विकत घेतलं का फुकट आणलं?"

१ जुलै

कृषी दिन, वसंतराव नाईकांची जयंती. तालुक्याला कार्यक्रम होता, गेलो नाही. दुपारी गिऱ्हाईक कमी होतं, तेव्हा उगाच बहात्तरचा दुष्काळ आठवत बसलो. नाईक तेव्हा मुख्यमंत्री. मी सात वर्षांचा. वडील कामावर खडी फोडायला जायचे, आम्हाला सुकडी मिळायची, आणि घरात मिलो. लाल, खरखरीत ज्वारी, अमेरिकेतून आलेली. भाकरी थापताना तुटायची. तिकडे हे दाणे जनावरांना घालतात, हे मोठं झाल्यावर कळलं. आईला कधी सांगितलं नाही.

ते पाहिलेल्या माणसानं संकरित बियाण्याला आणि खताला शिव्या घालू नयेत. आमच्याच जिल्ह्यात जालन्याला बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली महिको काढली; १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज जगाची लोकसंख्या आठशे कोटींच्या वर आहे, आणि कारखान्यात हवेतून केलेला नत्र नसता तर त्यातल्या निम्म्यांच्या ताटात काही पडलं नसतं, असा जाणकारांचा अंदाज आहे. श्रीलंकेनं २०२१ साली एका फटक्यात रासायनिक खत बंद केलं. भात पडला, भाव चढले, सहा-सात महिन्यांत हुकूम मागे घ्यावा लागला. सेंद्रियवाले पाहुणे दुकानात येऊन मला पापी ठरवतात, तेव्हा मी त्यांना श्रीलंका सांगतो.

पण कॅलेंडरवरचं वाक्य मात्र टोचत राहतं. आमच्या शिवारात आता ज्वारी बांधापुरती उरली. सगळं सोयाबीन आणि कापूस, कालव्याच्या अंगाला ऊस. सोयाबीनच्या क्विंटलातून तेल निघतं अठरा किलोच्या आसपास, बाकी पेंड. ती जाते कोंबड्यांना, काही बोटीत बसून परदेशातल्या कोंबड्यांना. म्हणजे बहात्तरला त्यांच्या जनावरांचं आम्ही खाल्लं, आता कोंबड्यांचं आम्ही पिकवतो. आणि त्यासाठी गोणीवर गोणी.

१७ जुलै

आषाढी. खिचडी खाऊन रानात गेलो. पेरणीला तेहेतीस दिवस झालेत. दोन्ही एकरांतली पाच-पाच झाडं मातीसकट उपटून बादलीत धुतली. खालच्या एकराचं पीक वरून हिरवंगार, माजलेलं. मुळांना गाठी अगदी मोजक्या. आयतं मिळतंय तर झाड जिवाणूंना कशाला पोसेल? वरच्या एकरातलं पीक बुटकं, जरा पिवळट. पण मुळं गाठींनी लगडलेली. नखानं एक फोडली तर आत लाल. आपल्या रक्तात असतं त्याच्याच जातीचं द्रव्य तिथं असतं, म्हणून तो रंग; लाल म्हणजे गाठ कामावर आहे. तीस वर्षं खत विकतोय, स्वतः फोडून आज पाहिली.

शेजारचे दाजी बांधावर उभे. "मामा, तुमचं वरचं एकर मागं राहिलं. खत कमी पडलं काय? दुकान आसून?"

हसलो. दुपारून दोन फोन आले, मामांच्या रानात पिवळं पडलंय म्हणून. खतवाल्याचं पीक पिवळं दिसणं म्हणजे न्हाव्याच्या पोराचे केस वाढलेले.

२ सप्टेंबर

पोळा, आणि पाऊस थांबेना. काल खांदेमळणी झाली तेव्हापासून धरलाय. गावात बैल किती उरले ते आज पावसात उठून दिसलं. मारुतीपुढे जोड्या थोड्या, झूल भिजलेली, पोरांनी ट्रॅक्टरलाच बाशिंग बांधलेलं. बैल गेले तसं शेणखत गेलं, आणि ते गेलं म्हणून माझं दुकान वाढलं. हा हिशोब मला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नाही.

संध्याकाळी ओढा पाहायला गेलो. पाणी चहासारखं, दाट. ती कुणाच्या तरी रानाची वरची माती, जी बोटभर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. ओढ्याच्या वरच्या अंगाला ज्यांनी शनिवारी कापसाला युरिया दिला, त्यांच्या गोण्या माझ्याच वहीत आहेत, उधारीवर. टाकलेल्या नत्रातला निम्म्याहून कमी पिकाच्या पोटात जातो. काही खाली झिरपून विहिरीत नायट्रेट होतो. तुंबलेल्या ओल्या मातीतून काही नायट्रस ऑक्साइड होऊन वर जातो. हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा अडीचशे पटींहून अधिक ऊब धरतो. मग पावसाचं गणित बिघडतं, आणि तो खांदेमळणीला असा येतो. या एका पावसाचं खापर गोणीवर फोडता येणार नाही, एवढी अक्कल मला आहे. पण ओढ्याच्या काठावरून नजर लवकर हलेना.

पुरणपोळी झाली होती. खाल्ली.

७ ऑक्टोबर

मळणीला हडंबा आला. वरचं एकर सात कट्टे वीस किलो, खालचं सात कट्टे पाच किलो. लगेच नाचण्यात अर्थ नाही. खालच्या एकरात पोळ्याचं पाणी चार दिवस तुंबलं होतं, तळाच्या शेंगा सडल्या. म्हणजे जिवाणूनं जिंकून दिलं की उतारानं, ते एका हंगामात सांगता येत नाही. एवढंच नक्की की युरिया न दिल्यानं वरचं एकर बुडालं नाही, आणि जुलैतला पिवळेपणा नुसता माझ्या अब्रूला लागला.

आडतीवर भाव चार हजारांच्या आसपास. हमीभाव ४,८९२. ओलावा जास्त म्हणून आणखी कापले. माझ्यासमोर बसलेला एक पोरगा मोबाईलवर कुठल्या तरी परदेशी बाजाराचा आलेख पाहत होता. ब्राझीलचं पीक चांगलं आहे म्हणे.

दाजींना मळणीचे आकडे सांगितले. ते म्हणाले, "तुमचं तिकडं रान जुनं हाय." पाकीट मात्र कसं दिसतं ते विचारलं.

१६ ऑक्टोबर

डीएपी खताची टंचाई. मोरोक्कोतून, सौदीतून बोटी कधी लागतात त्यावर आष्टीतली रब्बी अडलेली. सकाळपासून "आला का?" आणि "नाही", एवढाच धंदा.

तिसऱ्या प्रहरी आबा आले, काठी टेकत. मालदांडीचं बी मागितलं. किती एकराला, विचारलं. एकच. चार किलो काढून दिलं. वापसा होता होता पेरणी लांबलीय, पण मालदांडी जमिनीच्या ओलीवर येते. मला बरं वाटलं. म्हटलं, "आबा, भाकरीपुरती तरी ज्वारी ठेवली तुम्ही."

"भाकरीला न्हाई रे. बैल हायेत ना दोन, कडबा लागतो त्यांना. आपलं काय, रेशनचा गहू-तांदूळ येतोय."

पैसे मोजून दिले आणि जाताना उंबऱ्यावर थांबले.

"डीएपी?"

"नाही आला."

"बरं झालं," म्हणाले, आणि पिशवी काखेत धरून गेले.