त्याआधीची नाही

गोकुळपेठ बाजाराच्या मागच्या गल्लीत माझी दहा बाय बाराची खोली आहे. धरमपेठेतले जुने बंगले पाडून फ्लॅट बांधायला लागले, तसं माझं काम वाढलं. बंगला रिकामा करताना माळ्यावरून हमखास एक लाकडी पेटी निघते. वरून घुमटासारखी गोल, किल्ली हरवलेली, आत सिंगरची हातमशीन. घरातलं कोणीतरी ती स्कूटरवर पायापाशी ठेवून आणतं, दारात टेकवतं आणि घाम पुसत विचारतं, "भाऊ, किती जुनी असन ही?" चालते की नाही, हा प्रश्न नंतर येतो.

उचलून नेता येणारी मशीन, असं तेव्हाच्या जाहिरातीत म्हणत. पेटीसकट बारा किलो ओतीव लोखंड उचलणाऱ्या बाईला कोणी विचारलं नसावं. खरोखर हलकी म्हणजे फेदरवेट. अ‍ॅल्युमिनियमची, पाचेक किलोची, 1933 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आलेली. तिचा नंबर पोटाखाली असतो आणि सुरुवातीच्या मशीनींवर तो 'एडी' या अक्षरांनी सुरू होतो. आमच्या भागात ती मला एकदाच भेटली, अमेरिकेहून कायमच्या परत आलेल्या एका जोडप्याच्या सामानात. बाकी सगळ्या हाताच्या, काळ्या, जड.

त्यांचा नंबर उजव्या हाताला, खांबाच्या पायथ्याशी, एका चपट्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. पण आधी तो दिसायला हवा. दसऱ्याला मशीनची पूजा होते आणि हळदकुंकवाचं बोट नेमकं तिथेच टेकतं, कारण काळ्या रंगात तेवढीच एक मोकळी जागा. साठ-सत्तर दसऱ्यांचं कुंकू मशीनच्या तेलात कालवलं गेलं की त्याची लाख होते. काही मशीनींवर सोनेरी नक्षीत पंखवाला स्फिंक्स असतो. एका आजींनी त्याला नरसिंह समजून इतकी वर्षं गंध लावलं होतं की तोंड पुसून गेलं, पंख तेवढे राहिले. मी त्यांना काही बोललो नाही.

ही लाख काढायला रॉकेलचा बोळा आणि दात घासायचा जुना ब्रश. पॉलिश पेपर अजिबात नाही. ठोकलेला आकडा उथळ असतो, दोनदा घासला की गेला. मग खोलीतला दिवा बंद करून बॅटरी आडवी धरायची, उजेड आकड्यांवरून सरपटत जाईल अशी. सरळ उजेडात 3 आणि 8 सारखेच दिसतात. तरी शंका राहिली तर वर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकी फिरवायची, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तशी.

हे मी चूक करून शिकलो. एका घरच्या मशीनवर 'एफ' आणि पुढे सात आकडे होते. पहिला आकडा मी 3 वाचला आणि 1913 सांगून टाकलं. त्या लोकांनी 2013 मध्ये मशीनची शंभरी केली. हार, पेढे, पोराबाळांचे फोटो. वर्षभराने तीच मशीन सफाईला आली, तेव्हा आडव्या उजेडात त्या 3 ला डावी बाजूही होती. म्हणजे मशीन चार-पाच वर्षांनी लहान, पहिलं महायुद्ध संपत आल्याच्या सुमाराची. मी सांगितलं. काकू हसल्या. काकांनी मात्र सफाईचे पैसे टेबलावर जरा जोरात ठेवले.

अक्षरांचं गणित तसं सोपं आहे. 1900 च्या आधीच्या सिंगरवर नुसते आकडे, त्यानंतर आधी एक अक्षर. आपल्याकडे सापडणाऱ्या बहुतेक मशीनी स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातल्या. 'एफ' असेल तर 1910 नंतरचं दशक, 'वाय' असेल तर विशी-तिशीतली. पुढे एक अक्षर पुरेना, तेव्हा दोन अक्षरं आणि सहा आकडे आले. 'ई'ने सुरू होणारी जोडी क्लाइडबँकचीच. मॉडेलच्या आकड्यापुढचा 'के', म्हणजे 28 के, 99 के, हा तिथल्या किलबोवी या जागेचा. इतवारीतले एक जुने टेलर तो कलकत्त्याचा के आहे असं मला ठासून सांगायचे. कलकत्त्याची ती उषा. तिला सिंगरचा तक्ता लावायचा नाही. ती बनवणाऱ्या जय इंजिनिअरिंगचा जन्मच 1935 चा, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ थापा गळतात.

अक्षर सापडलं की लोकांना वाटतं साल सापडलं. पण तक्त्यातली तारीख मशीन तयार झाल्याची नसतेच. कारखान्यात एकेका मॉडेलसाठी हजारो नंबरांचा गठ्ठा आधी राखून ठेवत आणि वहीत नोंद होई ती त्या दिवसाची. मग ओतकाम, रंग, नक्षी, जोडणी. त्यानंतर जहाज, मुंबई, रेल्वे, दुकान. दुकानातून घरी यायला हप्ते, नाहीतर कोणाचं तरी लग्न. म्हणून मी मशीनच्या कडीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधतो तिच्यावर साल लिहीत नाही. 'अमुकच्या आधीची नाही' एवढंच लिहितो. गिऱ्हाइकाला ते चोरटं वाटतं. छातीठोक साल सांगणारे बाजारात आहेत, आणि त्यांच्याकडे गर्दीही जास्त आहे.

नंबरावर एकट्यावर विसंबायचं नाही, अंगही बघायचं. आत होडीसारखी लांब शटल आहे की गोल बॉबिन? टाका लहानमोठा करायला नुसता स्क्रू आहे की उलटा टाका घालणारा दांडा? पेटी भलत्याच मशीनची असू शकते, बिल्ला तर दोन बारीक रिवेटचं काम. मार्च 1941 मध्ये क्लाइडबँकवर बाँब पडले तेव्हा सिंगरचं लाकडाचं कोठार जळालं, आणि लढाईभर कारखाना शिवणयंत्रांपेक्षा युद्धाच्या कामातच जास्त होता. त्यामुळे 'बेचाळीसची' म्हणून कोणी मशीन आणली की मी चष्मा पुसून घेतो.

आणखी एक जमात फोनवर असते, लाल पारावाली. 2009 साली सौदी अरेबियात आवई उठली की जुन्या सिंगरमध्ये लाल पारा असतो, आणि तिथे मशीनींचे भाव आभाळाला भिडले. ते खूळ मोबाइलवरून फिरत इथवर आलं. सुईच्या दांड्यात पारा नसतो, आपल्याकडे गंज असतो. उन्हाळाभर मशीन कूलरसमोर ठेवल्याचा.

गेल्या दिवाळीनंतर बँकेत नोकरी करणारी एक मुलगी 99 के घेऊन आली. घर आता धरमपेठेत, आजी मूळ इंदोऱ्याची. दुरुस्ती नको होती, वाद मिटवायचा होता. आजी म्हणायची, 14 ऑक्टोबर 1956 च्या आधी आठ दिवस ही मशीन थांबलीच नाही. दीक्षाभूमीवर जायचं म्हणून गल्लीतल्या सगळ्यांचे पांढरे झंपर, सदरे हिच्यावरच शिवले. काका म्हणायचा, काही नाही, ही मी माझ्या पगारातून साठनंतर आणली, आईची मशीन वेगळी होती.

खांबावर निळ्या कडेचा बिल्ला होता, सिंगरच्या शंभरीचा, 1851 ते 1951. बिल्ल्यावर मी जात नाही. कुंकू काढलं, दिवा बंद केला. 'ईएच' आणि सहा आकडे. 1951-52 च्या आसपासची नोंद.

"म्हणजे आजीचं खरं?"

"आजीचं खोटं ठरत नाही."

"आणि काकाचं?"

"जुनी म्हणून घेतली असंल तर त्यांचंही नाही ठरत."

तिचं तोंड उतरलं. मी सुईखालची पट्टी उघडून दाखवली. दातांमध्ये दडपून बसलेला कापसाचा थर सुरीने उचलला, नमद्यासारखा अखंड निघाला. करडा, हिरवट, मध्ये शाळेच्या गणवेशाचा निळा. पांढरा त्यात असेलही, तेलाने सगळंच एका रंगाचं होतं. तिने तो तळहातावर घेऊन उलटसुलट केला, मग कागदात बांधून पर्समध्ये ठेवला.

मी चिठ्ठी लिहिली, 1951 च्या आधीची नाही, आणि कडीला बांधली. दारातूनच तिने काकाला फोन लावला. पलीकडून बराच वेळ आवाज येत होता. "हो, पण नंतरची आहे असं नाही म्हणत ते," ती म्हणाली, "आधीची नाही म्हणतात." रिक्षावाला पेटी मागे टाकायला उतरला, तर तिने टाकू दिली नाही. बारा किलोची पेटी मांडीवर घेऊन ती लॉ कॉलेज चौकाकडे गेली.