वेब, दादाभाई आणि ‘तुमचा उमेदवार’

डिसेंबर १८९४ मध्ये मद्रासला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते आल्फ्रेड वेब. डब्लिनचे मुद्रक, गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या घरातले, आणि १८९० पासून पश्चिम वॉटरफर्डचे खासदार. त्यांचे मतदार बहुतांश कॅथलिक शेतकरी, वेब स्वतः क्वेकर, म्हणजे ख्रिश्चनांतल्या मूठभरांच्या पंथाचे. तरीही आयर्लंडच्या स्वराज्यासाठी तिथल्या लोकांनी त्यांनाच पाठवलं.

वेब संसदेत होते तेव्हाच १८९२ मध्ये आपले दादाभाई नौरोजीही निवडून आले, लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून, बोटांवर मोजता येतील इतक्या मतांच्या फरकाने. १८८६ मध्ये ते हॉलबर्नमधून हरले होते. दोन वर्षांनी पंतप्रधान सॅलिसबरी म्हणाले की, इंग्रज मतदार अजून काळ्या माणसाला निवडून देतील असं वाटत नाही. दादाभाई तर वर्णाने चांगलेच गोरे! पण टोला त्वचेला नव्हताच. ‘हा आपल्यातला नाही’ एवढंच सांगायचं होतं.

ते वाक्य मला नाहूरमध्ये दर निवडणुकीला आठवतं. लिफ्टमध्ये एखादे शेजारी अगदी आपुलकीनं विचारतात, “या वेळी तुमचा उमेदवार कोण?” मी रस्ता, पाणी, रेल्वेची गर्दी यांवर बोलायला लागतो. ते हसतात, “तसं नाही हो, तुमच्या लोकांचा.” आपल्याकडचे काही जण हाच प्रश्न आतून विचारतात, तो मला जास्त बोचतो. बदरुद्दीन तय्यबजी १८८७ मध्ये, याच मद्रासला, काँग्रेसचे अध्यक्ष झाले. सर सय्यद अहमद खान यांना ते पटलं नव्हतं. मुसलमानांनी काँग्रेसपासून लांब राहावं, असं त्यांचं मत. तय्यबजींनी त्यांच्याशी पत्रव्यवहार करून आपली बाजू मांडली. समाजाचे खास प्रश्न असतात हे त्यांनी नाकारलं नाही, पण देशाच्या सामायिक प्रश्नांत मुसलमानांनी बाहेर बसावं, हे त्यांना मान्य नव्हतं. मला तय्यबजींचंच पटतं.

१८९५ मध्ये वेब यांनी राजीनामा दिला आणि दादाभाई हरले. त्याच निवडणुकीत लंडनच्याच बेथनल ग्रीनमधून दुसरे मुंबईकर पारशी जिंकले, मंचेरजी भावनगरी. हुजूर पक्षाचे, काँग्रेसचे टीकाकार. १९०० मध्ये पुन्हा निवडून आले. पारशी मंडळींना तेव्हा कोणी विचारलं असतं, तुमचा उमेदवार कोण, तर त्यांनी दोघांपैकी कोणाकडे बोट दाखवलं असतं?