लाल फडकं

परवा शनिवारी पालीला घरी गेलो होतो. अंगणात बाबांची १९९६ची लाल मारुती ८००. लाल कसली, पार विटकरी! माघी गणपतीला बल्लाळेश्वराच्या उत्सवासाठी पाहुणे येणार, त्याआधी ती चमकायलाच हवी असा बाबांचा हट्ट. रबिंग कंपाउंडचा डबा हातात घेऊन तयारच होते.

"बाबा, थांबा जरा!"

बॉनेटच्या एका कोपऱ्यात थोडं साधं पॉलिश घासून पाहिलं. फडकं लाल! म्हणजे वर क्लिअरकोट नाही, थेट रंगच. (आपल्या नव्या गाड्यांवर वर पारदर्शक थर असतो, तिथे फडक्याला रंग लागत नाही.) उन्हाने रंगाचा वरचा पापुद्रा मरतो. तो खरवडला की खालचा ताजा रंग दिसतो, चमक म्हणतात ती हीच. कंपाउंड भसाभस खरवडतं, पॉलिश हळूहळू, आणि वॅक्स काहीच काढत नाही, नुसतं वर बसतं. मुळात सगळा रंग एक-दोन केसांच्या जाडीचा!

आणि बाबा वर्षानुवर्षं कंपाउंडच घासत आलेत. बॉनेटच्या कडेला करडा प्रायमर डोकावत होता. दाखवला, तर गप्पच झाले.

"म्हणजे मीच घासून संपवली म्हणायची."

काय बोलणार? २०१४ला ८०० बनायचीच बंद झाली हो.

शेवटी कडांना मास्किंग टेप लावून, सावलीत, हातानेच बारीक पॉलिश केलं, वर वॅक्स. आरसा काही झाला नाही, पण लाल दिसायला लागली.

डबा मात्र बाबांनी फेकला नाही. माझ्या जुन्या सायकलला होईल म्हणे.