बाईंनी दाखवलेली दिशा

मला लहान मुलांनाच शिकवायचं होतं. पण त्यासाठी नेमकं काय लागतं, हे आमच्या कऱ्हाडच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. 2019 साली बी.एस्सी. झाले, तेव्हा जो तो म्हणे, "बी.एड. कर, दोन्हीकडे चालतं." ते खरंही होतं. आदल्याच वर्षी राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने (एनसीटीई) बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीसाठी मुभा दिली होती. नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करायचा, एवढीच अट.

शेजारच्या बाई मात्र अडून बसल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांची उभी हयात गेलेली. "पोरांना अक्षरओळख करून द्यायचीय ना? मग डी.एड. कर. बी.एड.ला मोठ्यांना विषय शिकवायची तयारी करून घेतात." डी.एड.चं आता डी.एल.एड. झालंय, पण बाईंच्या तोंडी जुनंच नाव. पदवीनंतर पुन्हा बारावीवरचा कोर्स, म्हणून वडील नाराज होते. बाईंनी त्यांना समोर बसवून समजावलं.

शेवटी मी डी.एल.एड.लाच गेले. तिथल्या सराव पाठांची टाचणं मी बाईंना दाखवत असे. एकदा एका मुलीने 42 वजा 17 चं उत्तर 35 लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, "फुली मारू नकोस. सातातून दोन आणि चारातून एक वजा केलाय तिने. मोठ्यातून लहान जातो, एवढं तिला पक्कं कळलंय." मग काड्यांचा दहाचा गठ्ठा घेतला, रबर काढलं, सुट्या काड्या दोनांत मिसळल्या. "हातचा असा डोळ्यांना दिसू दे."

11 ऑगस्ट 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: प्राथमिकसाठी बी.एड. पात्र नाही. नियमावर विसंबलेल्या माझ्या मैत्रिणी अडकल्या, त्याचं मला फार वाईट वाटलं. माझी शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) झाली होती, शिक्षक अभियोग्यता चाचणीही (टेट) दिली होती, पुढे शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झाली. बाईंच्या काळात यातलं काहीच नव्हतं, तरी प्रत्येक जाहिरात चष्मा लावून त्यांनी माझ्याबरोबर वाचली.

आता गल्लीतली एखादी मुलगी चौकशीला आली की मी आधी विचारते, "कितवीच्या मुलांना शिकवायचंय?" पाचवीपर्यंत असेल तर डी.एल.एड. आणि टीईटीचा पेपर एक. 150 गुणांचा, खुल्या गटाला 60 टक्के हवेत. सहावी ते आठवीला पेपर दोन. हे सांगून झालं की तिला बाईंकडे पाठवते.